असेंबल केलेल्या पीसीवर डिस्प्ले येत नाही? पार्ट बदलण्याआधी हे करून बघा

पंखे फिरताहेत, कॅबिनेटमध्ये रंगीबेरंगी दिवे लागलेत आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. घरी जोडलेल्या पीसीचं हे सगळ्यात नेहमीचं दुखणं. अशा वेळी मनात पहिलं येतं ते ‘ग्राफिक कार्ड उडालं’, आणि तिथून खिशाला कात्री लागायला सुरुवात होते. मित्रांचे, नातेवाइकांचे बरेच पीसी जोडून आणि उघडून माझं मत असं झालंय, की नव्या पीसीत मेलेला पार्ट क्वचितच निघतो. बहुतेक वेळा काहीतरी नीट बसलेलं नसतं, भलत्या ठिकाणी लावलेलं असतं, किंवा मदरबोर्डला समोरचा पार्ट ओळखता येत नसतो. या तिन्हीवर एक रुपयाही खर्च न करता उपाय होतो. म्हणून चित्र नेमकं कुठे अडतंय ते कळेपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

दुसरं पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पीसी चालू करून बघा. रॅम, केबल, बायॉसची (मदरबोर्डच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग असं सगळं एकदम बदललं आणि डिस्प्ले आला, तर कशामुळे आला ते कळत नाही. महिन्याभराने तेच पुन्हा झालं की परत पहिल्यापासून सुरुवात.

हाताशी काय हवं

- स्टार स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो चुंबक असलेला
- टॉर्च किंवा मोबाइलचा लाइट. कॅबिनेटच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचा उजेड पोचत नाही
- चालू असल्याची खात्री असलेली एक जादा एचडीएमआय केबल (टीव्हीची चालेल)
- मदरबोर्डचं मॅन्युअल. छापील हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या नावाने पीडीएफ मिळते
- रिकामा पेनड्राइव्ह
- पांढरा, मऊ खोडरबर आणि कोरडं सुती कापड
- सगळी बिलं आणि पार्टचे बॉक्स. यांचं काम शेवटी आहे, पण आत्ताच एका जागी काढून ठेवा

आत हात घालण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा. एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जोरदार धक्का बसेल इतकी वीज राहू शकते.

पीसी चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातलं अर्थिंग धड नाही. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. अशा घरात चालू पीसीला चालू टीव्हीची केबल लावताना एचडीएमआयचा पोर्ट जळू शकतो. तोवर दोन्हीकडची वीज बंद करूनच केबल लावत चला.

१. आधी रोग ओळखा

‘डिस्प्ले येत नाही’ या तीन शब्दांत निदान तीन वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला, पीसी चालू केल्यापासून स्क्रीनवर काहीच नाही, कंपनीचा लोगोसुद्धा नाही. हा हार्डवेअरचा किंवा बायॉसचा मामला आहे. पायरी २ पासून क्रमाने चला.

दुसरा, लोगो दिसतो, बायॉस उघडतं, पण विंडोज सुरू होताना किंवा झाल्यावर अंधार. इथे कॅबिनेट उघडायची गरज सहसा नसते. सरळ पायरी ९ वर जा.

तिसरा, चित्र येतं पण लुकलुकतं, रेघा दिसतात, रंग फिके पडतात. त्यासाठी पायरी १०.

पहिल्या प्रकारात एक छोटी परीक्षा घ्या. पीसी चालू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर पीसी आतून व्यवस्थित चालू आहे, फक्त चित्र बाहेर येत नाहीये. मग रॅम-प्रोसेसरच्या मागे लागू नका. मॉनिटर, केबल आणि कार्ड एवढंच तपासा. दिवा ढिम्म हलत नसेल तर गाडी त्याच्या आधीच कुठेतरी अडलीय.

२. मॉनिटर आणि केबल

मॉनिटरची व्हिडिओ केबल काढा आणि फक्त विजेची ठेवून तो चालू करा. ‘नो सिग्नल’ किंवा ‘केबल नॉट कनेक्टेड’ अशी पाटी आली तर पॅनल आणि त्याचा लाइट ठीक आहेत. पाटीही येत नसेल तर मॉनिटरची पॉवर केबल, अॅडॉप्टर बघा.

नंतर मॉनिटरच्या बटणांनी मेन्यू उघडून इनपुट सोर्स हाताने निवडा. ‘ऑटो’वर विसंबू नका. दोन एचडीएमआय पोर्ट असलेल्या मॉनिटरवर केबल दुसऱ्यात आणि निवड पहिल्याची, हा प्रकार वारंवार बघायला मिळतो.

कन्व्हर्टर वापरत असाल तर संशय आधी त्याच्यावर घ्या. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी स्वस्त केबल एकाच दिशेने चालते: कार्डाला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय. उलटी लावली तर काही दिसत नाही. जुन्या व्हीजीए मॉनिटरसाठी आतमध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, कारण डीव्हीआय-डी, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यातून अॅनालॉग सिग्नल येतच नाही.

स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलची आणखी एक खोड आहे. तिच्यात विसाव्या पिनची तार दोन्ही टोकांना जोडलेली असते, खरं तर ती जोडायची नसते. त्यातून मॉनिटरकडची ३.३ व्होल्ट वीज उलटी कार्डात येते आणि पीसी कधी चालू व्हायला नकार देतो, कधी बंद असतानाही आतले दिवे मिणमिणत राहतात. केबल काढल्यावर पीसी शहाण्यासारखा वागत असेल, तर चोर सापडला.

३. केबल कुठल्या पोर्टमध्ये लावलीय?

नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

पीसीच्या मागच्या बाजूला एचडीएमआयची भोकं दोन ठिकाणी असू शकतात: वर, यूएसबीच्या शेजारी उभ्या रांगेत मदरबोर्डची आणि त्याखाली आडव्या पट्टीत ग्राफिक कार्डाची. वेगळं कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डालाच लावायची. कार्ड दिसलं की बरेच मदरबोर्ड स्वतःचे पोर्ट आपोआप बंद करतात, त्यामुळे प्रोसेसरमध्ये ग्राफिक (चित्र तयार करणारा भाग) असलं तरी वरच्या भोकातून काही येत नाही.

कार्ड नसेल तर मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येण्यासाठी प्रोसेसरमध्येच ग्राफिक असावं लागतं. सगळ्यांत ते नसतं. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत उलट हिशेब आहे. ‘जी’ असेल तरच ग्राफिक. म्हणजे ५६००जी मध्ये आहे, ५६०० आणि ५६००एक्स मध्ये नाही. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० पासून बहुतेक प्रोसेसरांत साधं ग्राफिक असतं, पण ७५००एफ सारखे ‘एफ’वाले त्याला अपवाद.

माझा एक मित्र रायझन ५६०० घेऊन, कार्ड पुढच्या पगारात घेऊ म्हणून तोवर मदरबोर्डवर काम भागवायला निघाला होता. मदरबोर्डला एचडीएमआय आहे म्हणजे डिस्प्ले येणारच, असा त्याचा हिशेब. तो मॉनिटर बदलायला निघाला तेव्हा बॉक्सवरचा नंबर वाचला आणि प्रश्न मिटला. मदरबोर्डवरचा पोर्ट हा नुसता दरवाजा आहे. आत माणूस असेल तरच कुणी बाहेर येईल.

आता एक गोष्ट टॉर्च मारून बघा. मदरबोर्डच्या पोर्टांभोवती जी पातळ पत्र्याची पट्टी बसवतात तिला आतून स्प्रिंगसारख्या छोट्या जिभा असतात. पट्टी घाईत बसवली की त्यातली एखादी जीभ वाकून थेट एचडीएमआयच्या भोकात शिरते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, केबल आत जाते, पण दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहते आणि हलवली की सैल लागते. ती जीभ तशीच ठेवून केबल दाबाल तर पोर्ट तुटेल. मदरबोर्ड सोडवून पट्टी पुन्हा बसवणं हाच उपाय, कंटाळवाणा असला तरी.

४. पहिल्यांदा चालू करताय? मग वाट बघा

डीडीआर५ रॅम असेल, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर, तर पहिल्या वेळी मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटं घालवतो. तेवढ्या वेळात स्क्रीन पूर्ण काळी असते, आणि पीसी मध्येच स्वतः बंद होऊन चालूही होतो. रॅमच्या पट्ट्या जास्त आणि मोठ्या असतील तर आणखी वेळ. लोक घाबरून बटण दाबतात आणि ते जुळवणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

पीसी चालू करा, चहा टाका, दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका. बायॉस रिसेट केल्यावर किंवा रॅम बदलल्यावरही हे पुन्हा होतं.

५. मदरबोर्डवरचे चार छोटे दिवे

बऱ्याच मदरबोर्डांच्या कडेला, सहसा रॅमजवळ, तांदळाच्या दाण्याहून बारीक चार एलईडी असतात. शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असं छापलेलं असतं. पीसी चालू होताना हे एकामागून एक लागतात आणि विझतात. जो लागलेलाच राहतो तिथे गाडी अडलीय.

- सीपीयू: वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची पॉवर केबल लावायची राहिलीय, किंवा बायॉसला प्रोसेसर ओळखता येत नाही, किंवा सॉकेटमधली पिन वाकलीय
- डीरॅम: पायरी ६
- व्हीजीए: पायरी ७. ग्राफिक नसलेला प्रोसेसर आणि कार्डही नाही, तेव्हाही हाच दिवा लागतो
- बूट: हा बहुतेकदा डिस्प्लेचा दोष नसतो. विंडोजची डिस्क सापडत नाहीये. तरी स्क्रीन काळीच असेल तर पुन्हा केबल आणि मॉनिटरकडे वळा

स्वस्त बोर्डांवर काही वेळा हे दिवे नसतात. तिथे मदरबोर्डच्या स्पीकरच्या पिनांवर लावायचा चिमुकला बझर थोडक्या पैशात मिळतो. बीपचे अर्थ कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे नेटवरचा कुठलाही तक्ता घेऊ नका, आपल्याच बोर्डाचं मॅन्युअल बघा.

६. रॅम

दहा वेळा बसवली असं तुम्ही म्हणत असाल, तरी अकराव्यांदा बसवा.

आधी जागा. चार खाचा असतील आणि दोन पट्ट्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच वापरायची. बोर्डावर ती ए२ आणि बी२ अशी छापलेली असते. एकच पट्टी असेल तर ए२. शेजारशेजारच्या दोन खाचांत पट्ट्या बसवल्या की कधी पीसी चालतो, कधी रुसतो.

मग बसवणं. बऱ्याच नव्या बोर्डांवर खटका फक्त वरच्या बाजूला असतो, खालची बाजू पक्की असते. खटका ‘टक’ वाजला की आपण निर्धास्त होतो, पण खालचं टोक अजून वरच असतं. बाजूने डोळा खाचेच्या पातळीवर आणून बघा: पट्टीची कड खाचेला समांतर आहे का? खालच्या टोकाला सोनेरी पिनांची बारीकशी रेघ दिसत असेल तर पट्टी बसलेली नाही. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. लागतो त्याहून जास्तच जोर लागतोय असं वाटेल. मदरबोर्ड किंचित वाकेल, घाबरू नका.

तरी डिस्प्ले नाही? एकच पट्टी ए२ मध्ये ठेवून बघा. मग दुसरी पट्टी त्याच खाचेत. मग तीच पट्टी वेगळ्या खाचेत. पट्टी खराब आहे की खाच, हे एवढ्यात कळतं.

खोडरबरने पिना घासण्याचा उपाय आपल्याकडे प्रत्येक दुकानदार सांगतो. नव्या पट्टीवर त्याचा फारसा उपयोग नाही. पण पीसी कोकणात असेल, पावसाळाभर बंद पडून असेल, तर पिनांवर मळकट थर बसतो आणि तिथे हा उपाय खरंच लागू पडतो. रत्नागिरीतल्या एका भावाचा पीसी दर गणपतीच्या सुमारास याच कारणाने रुसतो. हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा आणि कापडाने पुसून मगच बसवा. शाई खोडायचा निळा, खरखरीत रबर वापरू नका, तो सोनेरी मुलामाच खरवडतो.

७. ग्राफिक कार्ड आणि त्याची वीज

कार्ड प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब खाचेत बसवा. खाचेच्या टोकाचा खटका बंद झालाच पाहिजे. मग मागच्या पट्टीचे स्क्रू. कधी कधी कॅबिनेट किंचित वाकडं असतं आणि स्क्रू आवळताना कार्डाचं दुसरं टोक खाचेतून उचललं जातं. स्क्रू सैल करून डिस्प्ले येतोय का बघा. जड कार्ड खाली झुकत असेल तर कॅबिनेट आडवं पाडून चालू करा; तेवढ्याने डिस्प्ले आला तर कार्डाला खालून आधार लागणार.

विजेचा हिशेब असा: खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट, ६ पिनच्या केबलमधून ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. कार्डावर जितके पॉवरचे सॉकेट आहेत तितके सगळे भरायचे. एक रिकामा ठेवून चालत नाही.

एसएमपीएसमधून येणाऱ्या दोन ८ पिनच्या केबल दिसायला जुळ्या असतात, पण एक नाही. ४+४ अशी फुटणारी प्रोसेसरची, ६+२ अशी फुटणारी कार्डाची. जोर लावून भलतीकडे घुसवू नका. आणि मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल त्याला कधीही लावू नका, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम वेगवेगळा असू शकतो. केबल बसते आणि कार्ड किंवा हार्ड डिस्क जळते.

मोठ्या नव्या कार्डांना १६ पिनचं छोटं सॉकेट असतं. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर हे कनेक्टर वितळल्याचे प्रकार झाले, आणि नीट आत न बसवणं हे त्यातलं मोठं कारण निघालं. प्लग आणि सॉकेटमध्ये फट राहता कामा नये. टॉर्च मारून चारही बाजूंनी बघा, आणि केबल कनेक्टरला लागूनच वळवू नका.

कार्ड उभं दाखवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती आधी काढा आणि कार्ड थेट खाचेत बसवा. खाचेच्या वेगाच्याही पिढ्या असतात; जुनी, तिसऱ्या पिढीची रायझर आणि चौथ्या पिढीचं कार्ड यांचं जमत नाही. रायझर ठेवायचीच असेल तर बायॉसमध्ये जाऊन त्या खाचेचा वेग ‘जेन ३’ वर आणा.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक असेल तर सोपी परीक्षा आहे: कार्ड पूर्ण काढा, केबल मदरबोर्डला लावा. डिस्प्ले आला तर दोष कार्ड, त्याची खाच किंवा त्याच्या विजेत.

८. बायॉस

रॅमचा वेग वाढवायला एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलं आणि तेव्हापासून स्क्रीन काळी असेल, तर बायॉस रिसेट करा. वायर काढा, मदरबोर्डवरचा गोल नाणेवजा सेल, सीआर२०३२, काढून पाचेक मिनिटांनी परत लावा. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या ‘क्लिअर सीमॉस’च्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडल्या तरी तेच काम होतं.

नवा प्रोसेसर आणि दुकानात वर्षभर पडून असलेला बोर्ड, ही दुसरी अडचण. रायझन ५००० मालिका बी४५० बोर्डावर चालते, पण जुन्या बायॉसवर नाही. एच६१० किंवा बी६६० बोर्ड इंटेलच्या बाराव्या पिढीबरोबर आले; तेराव्या-चौदाव्या पिढीला त्यांचं बायॉस अपडेट करावं लागतं. बोर्डावर ‘बायॉस फ्लॅशबॅक’ किंवा ‘फ्लॅश बायॉस’ बटण असेल तर प्रोसेसर न चालवताही अपडेट होतं: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाने फाइल ठेवा, ठरलेल्या यूएसबी पोर्टात लावा आणि बटण दाबा. दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून महावितरणचा मेंटेनन्सचा दिवस टाळा किंवा यूपीएसवर करा. बटण नसेल तर बोर्ड घेतला त्याच दुकानात अपडेट करून मागा.

तिसरी अडचण जुनं कार्ड वापरणाऱ्यांची. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्यावर बरेच जण जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायला निघाले. त्यासाठी बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय) बंद आणि सिक्युअर बूट (बूट होतानाची सुरक्षा-तपासणी) चालू करतात. पण यूईएफआय ही बायॉसची नवी पद्धत न समजणारं दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं कार्ड असेल, तर सीएसएम बंद केल्याक्षणी डिस्प्ले जातो. बायॉस रिसेट केलं की तो परत येतो. विंडोज ११ हवंच असेल तर ते कार्ड सोडावं लागेल.

आधीपासून वापरात असलेल्या विंडोज ११ वर मात्र बायॉस अपडेट किंवा रिसेट करण्यापूर्वी एक काळजी घ्या. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असेल तर पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खात्यात शिरून ती आधी कागदावर उतरवून घ्या.

हे सगळं करूनही काही नसेल, तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या बॉक्सवर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, लागत असेल तर कार्ड (त्याच्या विजेसकट), आणि मदरबोर्डची व प्रोसेसरची अशा दोन पॉवर केबल. बाकी सगळं काढा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडून चालू करा. बाहेर डिस्प्ले आला तर कॅबिनेटमध्ये कुठेतरी शॉर्ट होतंय, बहुधा बोर्डाखाली राहून गेलेला जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब). एएम४ बोर्डावरून कूलर काढायचा असेल तर आधी पीसी थोडा तापू द्या आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढला तर पेस्टला चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

९. लोगो दिसतो, विंडोजमध्ये अंधार

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिकचा ड्रायव्हर (विंडोजमधून कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो, बहुधा एक बीप ऐकू येते. मग विंडोज आणि पी. कधी कधी विंडोजला वाटतं की दुसरा मॉनिटर जोडलाय आणि चित्र तिकडे जातं. पूर्वी टीव्ही जोडला असेल तर हे हमखास होतं.

तरी अंधार असेल तर सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारं साधं विंडोज. विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ दाबा. सेफ मोडमध्ये चित्र आलं तर दोष ड्रायव्हरचा, हे जवळजवळ नक्की.

कार्ड बदललं असेल, खास करून एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट, तर जुना ड्रायव्हर पुसण्यासाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हा फुकट प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये चालवा. त्याआधी नवा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा आणि इंटरनेटची केबल काढा, नाहीतर विंडोज मध्येच आपल्या मनाने वेगळा ड्रायव्हर टाकतं.

१०. डिस्प्ले येतो, पण धड येत नाही

रेघा किंवा ठिपके दिसत असतील तर मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू उघडा. तो मेन्यू मॉनिटरच काढतो, पीसीचा त्याच्याशी संबंध नाही. रेघ मेन्यूवरूनही जात असेल तर पॅनल गेलंय. मेन्यू स्वच्छ असेल तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर बघा. त्यातही घाण दिसली तर कार्ड किंवा ड्रायव्हर. नसेल तर आधी केबल बदलून बघा. बायॉसमध्येसुद्धा रंगीत चौकटी दिसत असतील आणि केबल बदलूनही त्या जात नसतील, तर कार्डाची मेमरी गेली असावी. सेकंडहँड कार्ड घेताना म्हणूनच ते बायॉसपासून गेमपर्यंत समोर चालवून बघा.

लुकलुकण्यात बहुतेकदा केबल दोषी. ४के ला ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं) हवे असतील तर एचडीएमआय २.० म्हणजे १८ गिगाबिटची केबल लागते, जुन्या १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं. गेमचा मेन्यू उघडल्यावर उजेड कमी-जास्त होत असेल तर फ्रीसिंक किंवा जीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारी सोय) बंद करून बघा. आणि खुर्चीवरून उठलं की स्क्रीन सेकंदभर काळी होते, ही तक्रार चेष्टेची नाही. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून स्टॅटिक सुटते आणि हलक्या दर्जाची केबल ती पकडते. चांगल्या शिल्डिंगची, आखूड केबल घ्या.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर चालवणारे कमी नाहीत. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा स्वतः बदलावा लागतो. पूर्ण आकडा दिसत नसेल तर एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट लावून बघा.

टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ शोधा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये आउटपुटची रेंज ‘लिमिटेड’वरून ‘फुल’ करा. लिमिटेडमध्ये ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच पातळी जाते.

११. दुकानात न्यावंच लागलं तर

आता कुठला पार्ट संशयित आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पूर्ण पीसी घेऊन जायची गरज नाही. तेवढाच पार्ट त्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीत आणि मूळ बॉक्समध्ये न्या. सोबत हवं:

- जीएसटीचं बिल, ज्यावर पार्टचा सीरियल नंबर लिहिलेला आहे
- पार्टवरचा सीरियल नंबरचा स्टिकर, शाबूत
- मदरबोर्ड असेल तर सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण. ते नसेल तर अनेक ठिकाणी बोर्ड घेतच नाहीत
- दोष दाखवणारा मोबाइलवरचा व्हिडिओ

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेतलेलं असो की पुण्यात बुधवार पेठेत, वॉरंटीचं काम बऱ्याचदा दुकानदार करत नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर करतं. ते कुठे आहे हे कंपनीच्या साइटवर बघून आधी फोन करा. पार्ट ताब्यात देण्याआधी काउंटरवरच सॉकेटच्या पिनांचे, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि स्टिकरचे फोटो काढा. ‘पिन वाकलीय, वॉरंटी बसणार नाही’ असं नंतर ऐकायला मिळालं तर हे फोटोच तुमच्या बाजूने बोलतील. पोचपावतीवर सीरियल नंबर आणि दोषाचं वर्णन दोन्ही लिहून घ्या, नुसतं ‘एक ग्राफिक कार्ड’ नको.

मॉनिटर मात्र उचलून नेण्याआधी चौकशी करा. काही कंपन्यांचा माणूस मॉनिटर बघायला घरी येतो, आणि वाटेत पॅनलला तडा गेला तर तो वॉरंटीत बसत नाही.